शेतावरची फोर बाय फोर कशी निवडावी: मुरबाड-शहापूरकडच्या नव्या शेतकऱ्यांसाठी

जुलैतली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या मांडवाखालची काकडी तोडून अडतीस क्रेट भरले होते. रात्री दोनला पिकअप निघाली. वाशी मार्केट साठ-सत्तर किलोमीटर, वेळ भरपूर. डांबरी रस्ता समोर दिसत होता, आणि ओहोळ चढून वर येताना मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पाच मिनिटांत गाडी चेसीवर बसली. क्रेट उतरवले, डोक्यावरून डांबरीपर्यंत नेले, उजाडल्यावर पाड्यावरून ट्रॅक्टर बोलावला. माल वाशीत पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि गाळ्यावरची मोठी खरेदी उरकली होती. सत्तर किलोमीटरांत आम्ही अडलो ते शंभर पावलांत.

फोर बाय फोर घ्यायची ती या शंभर पावलांसाठी. ठाण्यात, ऐरोलीत, डोंबिवलीत राहून शहापूर-मुरबाड-अंबरनाथकडे शेती सुरू केलेले, वडिलांच्या जमिनीकडे परत वळलेले बरेच जण मला विचारतात, "दादा, कुठली गाडी घेऊ?" मी उलट तीन गोष्टी विचारतो: रस्ता कसला आहे, माल किती आहे आणि तो गाडीत चढवणार कोण. याची उत्तरं हातात नसतील तर शोरूममध्ये जाऊ नका. तिथे गेलात की रंग आणि स्क्रीन बघून मन भरतं, आणि आपलं काम काय होतं ते मागे पडतं.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे कुठल्याही चारचाकीला फोर व्हीलर म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देता येणारी गाडी. छोटा हत्ती, नेहमीचे पिकअप हे मागच्या दोन चाकांवर चालतात. बहुतेक कार पुढच्या दोन चाकांवर.

फोर बाय फोरमध्येही दोन जाती आहेत. एकीत आपण दांडा किंवा बटण फिरवून ठरवतो: टू-एच म्हणजे नेहमीची दोन चाकं, फोर-एच म्हणजे चारही, फोर-एल म्हणजे चारही आणि वर हळू चालीचा भारी गिअर. दुसरीला ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात. तिच्यात गाडी स्वतःच ताकद वाटते, पण बहुतेकींना हळू चालीचा गिअर नसतो. अशी गाडी माळशेज घाटातल्या ओल्या रस्त्यावर छान वाटेल, पण खाचराच्या बांधावरून टनभर माल काढायला ती नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण यात पैसे बुडालेले पाहिले आहेत. फोर बाय फोर पिकअप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. चिखलणीला ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरच लागतो. गाडी नेण्या-आणण्यासाठी आहे. तुमच्याकडे दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील आणि भात हेच मुख्य पीक असेल, तर गाडी पुढच्या वर्षी घ्या.

शेतकऱ्यासाठी अशी गाडी ही कल्पना तशी जुनी आहे. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्याकडे अँगलसी बेटावरच्या शेतात युद्धातली जुनी विलीज जीप होती. तिच्यावरून लँड रोव्हर सुचली आणि १९४८ मध्ये ती बाजारात आली. पोलादाची टंचाई होती म्हणून वरचं अंग ॲल्युमिनियमचं, आणि इंजिनाच्या ताकदीवर शेतातली यंत्रं फिरवता यावीत अशी सोय. शेतकऱ्याची मागणी आजही फार बदललेली नाही. चिखलातून निघावी, पाइपने धुता यावी, गावातल्या मेकॅनिकला खोलता यावी आणि माल पोटात मावावा.

टेप आणि गमबूट घेऊन रस्ता चाला

हे काम पावसाळ्यात करायचं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पाहिलेला रस्ता आणि ऑगस्टमधला रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. उन्हाळ्यातच गाडी घ्यायची वेळ आली तर पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि विचारा, पाणी कुठवर चढतं, चिखल कुठे सुटत नाही. ते काठी टेकवून दाखवतात, तिथे खूण करा.

डांबरी सुटते तिथून शेतापर्यंत चालत जा. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती उंच आहे ते मोजा. गाडी पोटावर बसते ती तिथेच. सर्वांत अरुंद जागा मोजा: साकव, दोन बांधांमधली पाणंद, कुंपणाचं फाटक. मोठ्या डबल कॅब पिकअपची रुंदी आरशांशिवाय १.८५ मीटरच्या पुढे जाते आणि लांबी पाच मीटरहून जास्त असते. अरुंद पाणंदीत वळताना ती लांबी फार नडते. ओहोळात उतरण्याचा आणि चढण्याचा कोन बघा. तीव्र असेल तर पुढचा बंपर मातीत घुसतो किंवा मागचा हूक घासतो.

मातीही बघा. लाल मुरमाचा रस्ता पाऊस थांबला की तासाभरात पाय धरू देतो. काळी चिकण माती मात्र टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. आणि भिवंडीकडे, खाडीकाठच्या खाजणात शेती असेल तर पावसाळ्यात गाडी बांधाच्या अलीकडेच ठेवा. तिथे कितीही चाकं फिरवलीत तरी ती खालीच जातात.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्याबद्दल थोडं. महिंद्राच्या २०२० च्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, मारुतीच्या जिम्नीची २१०. पण सलग एक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) असलेल्या गाडीत सर्वांत खालचा भाग म्हणजे एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा गोळा. भार टाकला तरी गोळ्याची उंची फारशी बदलत नाही, कारण तो चाकांच्याच दांड्यावर आहे. स्प्रिंगचे पाटे दबतात आणि खाली येतात ते सायलेन्सर, डिझेलची टाकी, मागचा बंपर. म्हणून रिकामी गाडी जिथून सहज गेली तिथे भरलेली घासते. मोजमाप भरलेल्या गाडीचं धरा.

वजनाचा हिशेब कागदावर करा

एका क्रेटमध्ये भाजी साधारण २० किलो. चाळीस क्रेट म्हणजे ८०० किलो. रिकाम्या क्रेटचं वजन सगळे विसरतात, चाळीसांचं मिळून ते साठ-सत्तर किलो धरा. ड्रायव्हर आणि सोबत एक माणूस १३० किलो. झाला एक टन. युरियाची गोणी ४५ किलोची, बाकीची खतं बहुधा ५० किलोची. हजार लिटरची पाण्याची टाकी भरली की तीच एक टन, शिवाय पाणी हलतं म्हणून वळणावर गाडी ओढली जाते. टाकी न्यायची तर पूर्ण भरलेली न्या, अर्धी नको.

आता गाडीच्या कागदावरचे दोन आकडे बघा: एकूण मान्य वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी करा. उरतं त्यात माणसंही मोजायची. इथेच बऱ्याच देखण्या गाड्या बाद होतात. थार, जिम्नी, फोर्सची गुरखा या डोंगरातून कुठूनही निघतील. गुरखाला तर पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना लॉक आहे (लॉक म्हणजे काय ते पुढे सांगतो). पण माल ठेवायला जागाच नाही. ज्याला आठवड्यातून दोनदा शेतावर जायचं आहे, पंप, ठिबकच्या नळ्या आणि दोन-चार गोण्या न्यायच्या आहेत, त्याला त्या पुरतात. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स यांना मागे हौदा आहे आणि चारही चाकं जोरात चालतात, पण पाच माणसांच्या केबिनमुळे हौदा लहान आणि मान्य भार टनाच्या बराच आत. बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा यांच्या फोर बाय फोर आवृत्त्याही निघाल्या आहेत. ज्याचा माल खरोखर टनाच्या आसपास आहे त्यानं आधी त्यांची चौकशी करावी. दिसायला साध्या आहेत, पण पाटे भार सोसतात आणि सुटे भाग गावाजवळ मिळतात. माझा कल याच बाजूला आहे.

माल वर्षातले फार तर पंधरा दिवस टनावर जाणार असेल, तर तेवढ्यासाठी मोठी गाडी घेऊ नका. ते पंधरा दिवस भाड्याची पिकअप डांबरीवर उभी करा आणि आपल्या लहान फोर बाय फोरनं दोन-तीन खेपांत माल तिथवर आणा. आमच्याकडे दोन घरं असंच करतात आणि त्यांचं नीट चाललं आहे.

हळू चालीचा गिअर आणि लॉक

नव्या माणसानं सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं.

फोर-एलमध्ये टाकलं की चाकांवर येणारी ओढ गाडीप्रमाणे दोन ते अडीच पट होते आणि वेग तेवढाच कमी होतो. फायदा फक्त ताकदीचा नाही. भरलेली गाडी घेऊन ओहोळातून वर चढताना साध्या गाडीत आपण हाफ क्लच धरतो, जळका वास येतो, आणि दोन पावसाळ्यांत क्लच प्लेट जाते. फोर-एलमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी बैलाच्या चालीनं चढते. उतरतानाही ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच तिला धरून ठेवतं. ओल्या मातीत ब्रेक दाबला की चाकं लॉक होऊन गाडी घसरते. इंजिननं धरलेली गाडी घसरत नाही असं म्हणणार नाही, पण खूप कमी घसरते.

आता लॉक. साध्या डिफरन्शियलमध्ये पाणी जसं सखल बाजूला जातं तशी फिरकी मोकळ्या चाकाकडे जाते. एक चाक चिखलात आणि दुसरं कडक मातीवर असेल तर चिखलातलंच गरगर फिरतं, कडक मातीवरचं स्वस्थ बसतं. फोर बाय फोर असूनही एक पुढचं आणि एक मागचं अशी दोन चाकं मोकळी सुटली की गाडी उभीच. लॉक दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. मागच्या एक्सलला लॉक असला तरी शेताचं बहुतेक काम भागतं. काही नव्या गाड्या लॉकऐवजी मोकळ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून काम भागवतात. तेही चालतं, फक्त पाय एकदम काढून न घेता ॲक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवावा लागतो.

एक चूक करू नका. कोरड्या डांबरीवर फोर-एच किंवा फोर-एल लावून चालवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत चाक जरासं घसरून तो फरक निघून जातो, डांबरीवर निघत नाही आणि आतल्या गिअरांवर ताण साठतो. स्टेअरिंग जड झालं, गाडी अडखळायला लागली की समजा दांडा काढायचा राहिला आहे. डांबरीला लागलात की आधी टू-एच.

टायर

फोर बाय फोर गाडी आणि गुळगुळीत टायर म्हणजे नांगर आहे पण फाळ नाही. ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींवर चालणारे टायर आपल्याला बरे, कारण सत्तर किलोमीटर डांबर आहे आणि चिखल एकच. काळ्या चिकणीत मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर जास्त चांगले निघतात, पण ओल्या हायवेवर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात आणि आवाज करतात. शिळफाट्याच्या गर्दीत मला ते नको वाटतात.

रिकामी गाडी रुतली तर टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून पाहा, टायर पसरतो आणि पकड वाढते. भरलेल्या गाडीत हे करू नका, टायरची कड फाटते. आधी माल उतरवा. हवा भरायचा छोटा पंप गाडीत हवाच, नाहीतर तशाच टायरवर मुरबाड गाठाल.

हौद्याची उंची, जी कुणी मोजत नाही

आमच्याकडे क्रेट चढवायला दोन बाया असतात. त्यांतली एक पन्नाशीची, उंची पाच फुटांच्या आत. जुन्या पिकअपचा फाळका पाडला की हौद्याची कड तिच्या कमरेला यायची, क्रेट टेकवून सरकवता यायचा. एक उंच फोर बाय फोर बघायला आणली तेव्हा तीच कड तिच्या छातीला आली. तिनं एक क्रेट उचलला, गुडघ्याचा आधार दिला, वर ढकलला आणि खाली ठेवला. "दादा, चाळीस होनार नाय माझ्यानं," एवढंच म्हणाली. ती गाडी मी घेतली नाही.

फोर बाय फोर उंच असणारच. म्हणून बघायला जाताना टेप न्या, आणि चढवणाऱ्या माणसालाही न्या. पर्याय आहेत: शेतावर दोन फूट उंचीचा दगड-मातीचा ओटा करून घ्या आणि गाडी उलटी त्याला लावा. खर्च किरकोळ, कमरा वाचतात. हौद्यात चाकांचे फुगवटे किती आत येतात तेही बघा, क्रेटची रांग तिथे मोडते. कडेला दोर बांधायचे हूक आतून हवेत की बाहेरून ते तुमच्या ताडपत्रीवर आहे. हौद्याला पाणी निचरायला भोकं हवीत. खत सांडलं आणि ओलं राहिलं की पत्रा वर्षभरात खातं.

पाणी

कंपन्या किती खोल पाण्यातून गाडी जाते ते छापतात: थारला ६५० मिलिमीटर, गुरखा आणि हायलक्सला ७००. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे आहेत. वाहत्या पाण्यात साधारण ३० सेंटिमीटर खोलीत बऱ्याच कार तरंगू लागतात आणि ६० सेंटिमीटरचं जोरदार पाणी पिकअपसुद्धा वाहून नेतं. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल उल्हासच्या पुरात पाण्याखाली जातो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. रेल्वे अडकते तिथे आपली गाडी काय टिकणार? माझा नियम असा: पाणी वाहतंय आणि गुडघ्याला आलंय, तर गाडी थांबवायची, माल खराब झाला तरी.

थांबलेल्या पाण्यातून जायचं तर आधी माणूस काठी घेऊन चालून जाऊ दे. फोर-एल, पहिला-दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. हवेच्या वाटेनं पाणी आत गेलेलं असेल तर इंजिनाचे कनेक्टिंग रॉड वाकतात.

इंजिन, डीपीएफ आणि उंदीर

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. शेत ते पाडा, पाडा ते शेत अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी तो काजळीनं भरतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वीस-तीस मिनिटं एका वेगानं पळावी लागते. वाशीची खेप आठवड्याला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मुद्दाम नाशिक हायवेला एक फेरी मारा. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका.

उंदरांचा त्रास शहरातल्या माणसाला सुचतही नाही. पेंढ्याच्या उडवीशेजारी गाडी लावली की ते बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडी पेंढ्यापासून लांब, उघड्यावर लावा.

कागद

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. मालगाडी म्हणून नोंद असेल तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत शेजाऱ्याचा माल भाडं घेऊन नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवेल. विमा घेताना इंजिनात पाणी शिरण्याचं जोड-संरक्षण मागून घ्या, साध्या पॉलिसीत ते बहुधा नसतं.

चाचणी कशी घ्यायची

शोरूमची चाचणी डांबरीवर असते. ती घ्याच, पण त्यावर निर्णय नको. गाडी आपल्या रस्त्यावर आणायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा. भरलेल्या गोण्या टाका, फोर-एल स्वतः लावा आणि काढा. काही गाड्यांत त्यासाठी पूर्ण थांबून न्यूट्रल करावं लागतं, ते हाताला बसेपर्यंत चार-पाच वेळा करा.

जुनी घेत असाल तर मी आधी खाली वाकून बघतो. पुढच्या शाफ्टची रबरी बुटं फाटली आहेत का, चेसीवर गंज सोलतोय का, गोळ्याला ओल आहे का. मग कच्च्या रस्त्यावर फोर-एच आणि फोर-एल लावून दोन्ही बाजूंना वळवून बघतो. वर्षानुवर्षं कुणी लावलंच नसेल तर ते लागत नाही, आणि विकणारा म्हणतो, "बॅटरी जरा डाउन आहे." मी एकदा हे ऐकून गाडी घेतली. ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी खोलायला लागली आणि भाताची सगळी कमाई तिच्यात गेली.

पहिला पावसाळा

गाडीत फावडं, दोन फळ्या, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी पाट, ओढायचा पट्टा आणि डोक्याला बांधायची बॅटरी कायम ठेवा. ओढताना साखळी बंपरला किंवा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवू नका. चेसीला दिलेल्या हूकलाच पट्टा लावा आणि बघ्यांना लांब उभं करा, तुटलेला हूक गोळीसारखा येतो. चाक जागेवर फिरतंय आणि गाडी सरकत नाही असं दिसलं की लगेच पाय काढा. आणखी दाबलंत तर फक्त खड्डा खोल होतो.

फोर-एल चिखलात शिरण्याआधी लावायचा, रुतल्यावर नाही. महिन्यातून एकदा उन्हाळ्यातही कच्च्यावर लावून दोन-तीनशे मीटर चालवा, म्हणजे आतलं तेल फिरतं आणि दांडा अडकत नाही. खोल पाण्यातून गेल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक मारून तो कोरडा करा, आणि आठवड्याभरात मेकॅनिककडून एक्सल व गिअरबॉक्सचं तेल बघून घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे, त्याच दिवशी बदला.